बिअर आंबून पुरी झाली हे ओळखावे कसे?

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नोकरीस आहे. तिकडे घरच्या घरी बिअर करण्याचा छंद पुष्कळांना असतो. शेजाऱ्याचे पाहून यानेही एका हिवाळ्यात मोठी बादलीभर बिअर केली. आठदहा दिवस बादलीच्या झाकणावरील नळीतून बुडबुडे निघत होते. पुढे ते थांबले. काम झाले असे समजून त्याने ती चाळीस बाटल्यांत भरली, वर पत्र्याची बुचे ठोकली आणि बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिल्या. मे महिन्यात हवा तापू लागली आणि एका रात्री कपाटात मोठा आवाज झाला. एक बाटली फुटली होती व तिच्या काचांनी शेजारच्या दोन फोडल्या होत्या. सकाळी काय झाले ते पाहावे म्हणून याने कपाट उघडले, तो चौथी फुटली आणि हिची काच मनगटात शिरली. सहा टाके पडले. डॉक्टरांनी सांगितले की, अर्धा इंच इकडे असती तर बोटे कायमची गेली असती.

बाप माळकरी. मुलगा बिअर करतो याचे त्याला दुःख होते, पण टाके पडले याचे अधिक होते. तो आमच्याकडे आला याचे कारण असे की, आम्ही पूर्वी काही वर्षे सोडावॉटरच्या कारखान्यांतील कामगारांत काम केले आहे व फुटणाऱ्या बाटल्यांशी आमचा परिचय आहे. बिअरशी मात्र नव्हता. तो पुस्तकांवरून करून घ्यावा लागला, आणि शाळेची पायरी लवकर सोडलेल्या माणसाला पुस्तकांवरून शिकण्याची जी सवय लागते ती येथे उपयोगी पडली. त्या शोधात जे हाती लागले ते येथे सांगत आहोत. आधी एक खुलासा केलेला बरा. महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी मद्य करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा घरी जाऊन कोणी बादली चुलीवर चढवावी यासाठी हा लेख नाही. आम्हांला मोह पडला तो त्या बिअरचा नव्हे, तर एका काचेच्या नळीचा.

प्रथम आंबणे म्हणजे काय ते पाहू. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून त्याचे माल्ट करतात. ते भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवले म्हणजे दाण्यातील पिठाची साखर होते. हे गोड पाणी हॉप नावाची कडू फुले घालून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट ही सूक्ष्म जिवंत पेशी आहे, आणि आंबण्याचे काम तिचे आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. बिअरवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. यीस्ट साखर खाते व तिचे दोन भाग करते. साखरेच्या वजनाचा साधारण अर्धा भाग मद्यार्क होतो व अर्धा कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो. आपल्या घरी डोशाचे पीठ रात्रीतून फुगून वर येते त्यालाही सूक्ष्म जीवांनी सोडलेला वायूच कारण असतो. पिठाच्या बाबतीत गृहिणीला फार चिंता नसते. थोडे कमी आंबले तर डोसा चिवट होतो, अधिक आंबले तर आंबट, इतकेच. पण बिअर बाटलीत बंद करावयाची असते. आत खाण्याजोगी साखर शिल्लक असेल तर यीस्ट बंद बाटलीतही आपले काम सोडीत नाही, आणि वायूला तेथून बाहेर पडायला वाट नसते. म्हणून 'पुरी झाली का?' हा प्रश्न चवीचा नसून हातापायांचा आहे.

जुन्या काळी याचे उत्तर कसे देत? जीभ, नाक आणि सवय यांवर. विल्यम कॉबेट या इंग्रज लेखकाने १८२१-२२ मध्ये शेतमजुरांच्या संसारासाठी एक पुस्तक लिहिले. मजुराने चहाच्या नादी न लागता घरीच बिअर करावी असा त्याचा आग्रह होता व त्याने कृती बारकाईने दिली आहे. त्या काळी इंग्लंडातील शेतमजुराला मजुरीचा काही भाग बिअरच्या रूपाने मिळत असे. ही पद्धत मोडण्यास १८८७ चा कायदा यावा लागला. मजुराला अन्न द्या, झोपडी द्या, पण मजुरीपोटी मादक पेय देता येणार नाही, असे त्यात घातले गेले. आमच्यासारख्याला यावर बरेच बोलावेसे वाटते, पण तो आजचा विषय नव्हे.

आपल्याकडे हलवाई पाक एकतारी की दोनतारी हे बोटांच्या चिमटीत पाहतो, तसेच तेथील मद्यकार चाखून, हुंगून, फेस पाहून ठरवीत. ही हातोटी खरी असे. मात्र ती शिकविता येत नसे, आणि ज्याच्या हाती ती होती त्याला ती शिकवावयाचीही नसे.

ही अडचण हायड्रोमीटर या उपकरणाने सोडविली. नाव परकी असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. दूधवाल्याकडे दूध तपासणारा लॅक्टोमीटर घेऊन येतो तो हाच. मोटारीच्या बॅटरीतील आम्ल तपासताना रबरी फुग्याच्या नळीत जो तरंगतो तोही हाच. खाली फुगीर काचेचे पोट, त्यात वजनासाठी शिसे भरलेले, आणि वर बारीक दांडी, त्या दांडीत कागदावर छापलेली मापपट्टी. याहून अधिक त्यात काही नाही. आर्किमिडीजचा नियम असा की, तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. द्रव जड असेल तर थोडा सारून भागते, म्हणून वस्तू वर राहते. हलका असेल तर अधिक सारावा लागतो, म्हणून ती खोल जाते. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात अंग हलके वाटते ते याच कारणाने. साखरेचे पाणी साध्या पाण्याहून जड असते, त्यामुळे त्यात नळी वर उचलली जाते. साखर आंबून कमी होऊ लागली की ती हळूहळू खाली बसते.

साधे पाणी १ धरून त्याच्या मानाने द्रवाचा जडपणा मोजतात, त्याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. बिअर करणारे दशांशचिन्ह गाळून बोलतात. पाणी १०००, आणि साध्या इंग्रजी बिअरचा गोड काढा यीस्ट घालण्यापूर्वी १०४० च्या आसपास. वरचे चाळीस अंश साखरेमुळे व तिच्याबरोबर विरघळलेल्या इतर पदार्थांमुळे आलेले असतात.

द्रव तपासण्याचे असे उपकरण इंग्लंडात रॉबर्ट बॉइल यांनी १६७५ साली वर्णिले होते, तरी बिअरच्या भट्टीत शिरावयास त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. हॅम्पशायरमधील आल्टन गावी जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा तरुण बापाच्या भट्टीत काम करी. बापाला ही नवी नळी मुळीच पसंत नव्हती, म्हणून मुलगा चोरून प्रयोग करी. १७७० च्या सुमारास तो आपले निष्कर्ष घेऊन लंडनच्या व्हिटब्रेड या बड्या मद्यकाराकडे गेला. त्याने त्याला वाटेला लावले. थ्रेल यांच्या भट्टीत मात्र त्याची किंमत ओळखली गेली. पुढे हल येथील जॉन रिचर्डसन यांनी १७८४ साली यावर पुस्तक लिहिले. नळी हाती येताच एक मजेची गोष्ट उघड झाली. काळसर भाजलेले माल्ट स्वस्त म्हणून कारखानदार ते वापरीत, परंतु मोजून पाहता फिक्या माल्टमधून साखर कितीतरी अधिक निघते आणि महाग तेच अखेर स्वस्त पडते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला जे दिसले नव्हते ते काचेच्या दांडीवर दिसले.

सरकारलाही ते दिसले. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून तो काढ्याच्या गुरुत्वावर बसविला, आणि १०५७ हा अंक प्रमाण धरला. १९९३ साली तयार बिअरमधील मद्यार्काप्रमाणे कर घेण्याची पद्धत येईपर्यंत इंग्लंडात कर या नळीवरच मोजला जात होता. घरच्या बिअरला परवाना लागे तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक देणारा निर्णय १९७८ चा. तेव्हापासून कारखान्यातील ही नळी सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात आली. मोजण्याची साधने मालकाच्या हातात असली की ती कामगाराच्या पाठीवर बसतात, असा आमचा अनुभव आहे, आणि तो आम्ही पुष्कळदा बोलून दाखविला आहे. हे साधन मात्र उलट्या दिशेने गेले याचे आम्हांला समाधान वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १०४० वर सुरू झालेली बिअर आंबून पुरी होते तेव्हा नळी कोठे थांबते? कोणीही सहज म्हणेल, साखर संपली म्हणजे १००० वर. तसे होत नाही. काढ्यातील सर्वच अंश यीस्टला पचत नाहीत. डेक्स्ट्रिन नावाचे जे मोठे कण असतात ते तसेच राहतात व त्यांच्यामुळेच बिअरला अंग येते. साधारण यीस्ट वरच्या अंशांपैकी शेकडा पंचाहत्तर उतरविते, म्हणजे चाळीसांपैकी तीस, आणि नळी १०१० च्या आसपास स्थिरावते. येथे आणखी एक गुंता आहे. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे तो नळीला आणखी खाली खेचतो, आणि उतार खरा असतो त्याहून मोठा दिसतो. द्राक्षाच्या कोरड्या मद्यात सारी साखर जाते, तेव्हा नळी १००० च्याही खाली ९९५ पर्यंत जाते ती यामुळेच. हा दोष ठाऊक असल्याने अडचण होत नाही. उलट सुरुवातीच्या व शेवटच्या गुरुत्वांतील फरकाला, दशांशचिन्ह धरून, १३१ ने गुणले की मद्यार्काचे शेकडा प्रमाण मिळते. १.०४० वजा १.०१०, म्हणजे ०.०३०, गुणाकार जवळजवळ चार टक्के.

नळी वाचणेही शिकावे लागते. ताज्या बिअरमध्ये वायूचे बारीक फुगे नळीला चिकटतात व तिला उचलून धरतात, त्यामुळे अंक खोटा वाढतो. म्हणून नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात चारसहा वेळा ओतून त्यातील वायू घालवावा, मग नळी सोडून तिला बोटांनी एक गिरकी द्यावी. डोळा द्रवाच्या पातळीवर आणून, काचेला चिकटून वर चढलेली कड न धरता, मधल्या सपाट भागाचा अंक घ्यावा. उष्णतेने द्रव हलका होतो, तेव्हा नळी कोणत्या तापमानासाठी आखली आहे ते तिच्यावरच वाचावे. १५.५ अंश सेल्सिअसला आखलेली नळी २५ अंशांच्या बिअरमध्ये सोडली तर आलेल्या अंकात सुमारे दोन मिळवावे लागतात. तपासलेला नमुना पुन्हा बादलीत ओतू नये. त्यातून नको ते जंतू आत जातात. काटकसरी माणसाच्या हातून ही चूक हमखास होते.

आमच्या मित्राच्या मुलाने पहिल्या खेपेस बुडबुड्यांवर विश्वास ठेवला. बुडबुडा वायू बाहेर पडल्याचे सांगतो. तो वायू कोठून आला हे सांगत नाही. आंबणे संपल्यावरही द्रवात मुरलेला वायू, खोली जरा तापली की, दिवसेंदिवस बुडबुड्यांनी बाहेर पडत राहतो. उलट झाकणाला कोठे बारीक फट असली तर आत जोरात आंबत असताही नळीत एक बुडबुडा येत नाही. फेस खाली बसला यावरूनही काही ठरत नाही. मोठी धामधूम संपली एवढेच त्यावरून कळते.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने, बापाने घातलेली शपथ अर्धवट पाळून, पुन्हा बिअर केली. या वेळी त्याने नळी आणली होती. आरंभी १०४०. बाराव्या दिवशी १०१८. दोन दिवसांनी पुन्हा १०१८, आणखी दोन दिवसांनी तेच. बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते की, दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंक सारखाच आला म्हणजे आंबणे संपले. तेव्हा त्याने बाटल्या धुऊन ठेवल्या आणि बापाला कळविले की, या वेळी सर्व मोजून केले आहे. बापाने तो कागद आम्हांला दाखविला.

आम्हांला तो अंक खटकला, कारण चाळीसांपैकी बावीसच अंश उतरले होते, म्हणजे शेकडा पंचावन्न. यीस्ट काम संपवून थांबले होते की मध्येच हातपाय गाळून बसले होते? संघटनेत ही दोन रूपे आम्ही नेहमी पाहतो. गिरणीचा भोंगा वाजत नाही तेव्हा पाळी संपलेली असते किंवा संप असतो, बाहेरून शांतता सारखीच. खोलीचे तापमान विचारले तर रात्री बारा अंशांपर्यंत उतरत होते, आणि त्याचे यीस्ट अठरा-वीस अंशांत काम करणारे होते. म्हणजे ते थंडीने झोपी गेले होते. आदल्या वर्षी जिन्याखाली घडले ते हेच असावे. थंडीत झोपले, बाटलीत गेले, आणि मे महिन्यात जागे झाले.

अशा वेळी निर्णय कसा करावा याची एक फार चांगली रीत कारखान्यांतील रसायनतज्ज्ञ वापरतात. यीस्ट घातल्याबरोबर पेलाभर काढा वेगळा काढून त्यात आणखी चिमूटभर यीस्ट टाकावयाचे, आणि तो पंचवीस-सत्तावीस अंशांच्या उबेत ठेवून मधूनमधून ढवळावयाचा. भरपूर यीस्ट आणि भरपूर ऊब मिळाल्याने तो पेला दोनतीन दिवसांतच आंबून तळाला जातो. त्याचा जो अंक येईल तोच मोठ्या बादलीचा शेवटचा मुक्काम. बादली तेथे किंवा एखाद्या अंशाच्या अंतराने पोचली आणि दोनतीन दिवस तेथेच राहिली, तरच ती पुरी झाली. नळीला नुसते 'हललीस का?' असे विचारून भागत नाही, 'कोठे जावयाचे होते?' हेही आधी ठाऊक असावे लागते. लॅक्टोमीटरचेही तसेच आहे. दुधावरची साय काढली की दूध जड होते, पाणी घातले की हलके होते. दोन्ही लबाड्या बेताने केल्या तर अंक अगदी शुद्ध दुधाचा येतो. नळी जडपणा मोजते आणि तो खराच सांगते. बाकीचे विचारणाऱ्याने पाहावयाचे.

मुलाने यीस्ट घातले तेव्हा पेला काढून ठेवलेला नव्हता, पण उशीर झाला नव्हता. आता काढला. उबेत ठेवलेला पेला तिसऱ्या दिवशी १०१० वर आला. बादलीत आठ अंश अजून शिल्लक होते.

आठ अंश म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही बापाच्या समोर कागदावर केला. एका लिटर बिअरमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की नळी सुमारे दोन अंश उतरते आणि सुमारे एक लिटर वायू निघतो. आठ अंशांत चार लिटर. बिअरमध्ये आधीच मुरलेला वायू लिटरला पाऊण-एक लिटर असतो. शिवाय बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मुद्दाम लिटरला सहा ग्रॅम साखर घालतात, तिचा दीड लिटर. एकूण सहा लिटरांवर. साध्या बिअरच्या बाटलीत हे प्रमाण दोन ते अडीच असावे लागते. सहा म्हणजे वीस अंश उष्णतेला शॅम्पेनमध्ये असतो तेवढा किंवा त्याहून थोडा अधिक दाब, आणि शॅम्पेनची बाटली मुद्दाम जाड, जड काचेची केलेली असते. ही तशी नव्हती.

सोडावॉटरच्या कारखान्यात आम्ही पाहिले ते येथे सांगणे भाग आहे. बाटलीत वायू भरण्याचे काम त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ८७ व्या कलमाखालील नियमांत धोक्याच्या कामांत गणलेले होते. यंत्राला आडोसा, कामगाराच्या चेहऱ्याला व गळ्याला संरक्षण, हाताला लांब मोजे, हे सर्व मालकाने पुरवावे असे त्यात होते. एका लहान कारखान्यात दाब दाखविणारे घड्याळ बंद पडलेले होते आणि भरणारा आवाजावरून अंदाज करी. तो वीस वर्षांचा अनुभवी माणूस होता. बाटली फुटून त्याचा डोळा गेला तेव्हा आम्हांला सांगण्यात आले की, बाटली फुटणे दैवाधीन आहे, आणि शिवाय माणूस जुना असून त्याचा अंदाज चुकला. घड्याळ दुरुस्त करण्यास किती खर्च आला असता हे आम्ही विचारले. त्याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. नुकसानभरपाई मिळाली, पण ती दोन वर्षांनी.

जिन्याखालच्या कपाटात बाटली फुटली तेव्हा तेथे कोणी मालक नव्हता. तरीही दैव हा शब्द मुलाच्या पहिल्या पत्रात होताच.

पुढे त्याने बादली उबदार खोलीत आणली, स्वच्छ चमच्याने तळाचे यीस्ट हलक्या हाताने उठविले आणि वाट पाहिली. बादली फार खळबळवू नये, हवा आत मिसळली की बिअरची चव जाते. चौथ्या दिवशी १०१४, आठव्या दिवशी १०११, दहाव्या दिवशी १०१०, आणि पुढे तीन दिवस १०१०. मग त्याने बाटल्या भरल्या, आणि तरीही त्या झाकणाच्या लाकडी खोक्यात ठेवल्या. ही खबरदारी आम्ही सुचविली होती, कारण नळीने सांगूनही उरणारे एकदोन धोके आहेत. काही जातींचे यीस्ट, किंवा बाहेरून शिरलेले रानटी यीस्ट, डेक्स्ट्रिनसुद्धा सावकाश फोडून खाते व महिन्यामहिन्यांनी पुन्हा वायू सोडू लागते. आंबून झालेल्या बिअरमध्ये सुगंधासाठी कोरडी हॉप फुले घातली तरी तसेच होते, कारण फुलांतील द्रव्ये डेक्स्ट्रिनची साखर करतात. हे ब्राउन व मॉरिस यांनी १८९३ सालीच दाखविले होते. अशा बिअरची तपासणी फुले घातल्यावर पुन्हा करावी लागते.

त्या खेपेच्या बाटल्यांपैकी एकही फुटली नाही. माळकरी बाप अजूनही मुलाला बिअर सोडून दे म्हणून सांगतो. मात्र रविवारी फोन आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, काटा कितीवर आहे आणि किती दिवस तेथे आहे.